चव्वेचाळीस नंबरच्या सपाता

शाळेच्या फॉर्मवर विचारलं होतं,
घरात स्वतंत्र पलंग आहे का, कुत्रा आहे का,
पाहुण्याला रोज अंघोळीला गरम पाणी मिळेल का.
त्याच्याशी बोलणार कोण, हे विचारलं नव्हतं.
मी कुत्रा सोडून सगळीकडे 'हो' लिहिलं.

लाटव्हिया, नकाशात माझ्या करंगळीच्या नखाएवढा,
तिथला माटिस मात्र आमच्या दारातून वाकूनच आत आला.
लानचौच्या बाजारातल्या सगळ्यांत मोठ्या सपाता
मी आणून ठेवल्या होत्या, चव्वेचाळीस नंबर.
त्याच्या टाचा बारा दिवस फरशीवरच राहिल्या.
सासरे म्हणाले, एवढा पॉपलर लावायचा कुठे?
लावला शुओच्या पलंगावर,
पायथ्याला स्टूल, स्टुलावर घडीची रजई.
शुओनं टेबल काचबंद गॅलरीत नेलं.
परीक्षा जूनमध्ये. रात्री अकरापर्यंत
काचेपलीकडे त्याची पाठ आणि दिवा.

म्हणजे ज्याच्यासाठी हा पाहुणा आला
तो सोडून आम्ही सगळे मोकळे.

सासऱ्यांनी त्याच्याशी बुद्धिबळ मांडलं.
ते तोफ एक घर जास्त सरकवायचे,
तो बघायचा, आणि काही बोलायचा नाही.
(चौथ्या दिवशी त्यानंही सरकवली.
म्हातारा इतका हसला की कवळी हातात घ्यावी लागली.)
नवरा शीनिंगच्या रस्त्यावरून, ट्रकमधून फोन करायचा,
एकच प्रश्न : खातो का?
खातो. सकाळी सहाला कोपऱ्यावरचे बीफ नूडल्स,
तिखटाचं लाल तेल वेगळं मागून,
नाक पुसत, दोन वाट्या.

मी पाण्याचे मीटर वाचते.
चौदा इमारती, एक हजार ऐंशी घरं,
कोण एकटं राहतं, कोणाकडे बाळ झालं,
कोणाच्या घरातून माणूस कमी झालं,
आकडे आधी सांगतात, शेजारी मागून.
त्या बारा दिवसांत आमचा आकडा चढला.
पॉपलरला पाणी लागतंच.

शेवटच्या रात्री मी त्याच्यासाठी
बटाट्याच्या काचऱ्या करत होते.
त्यानं फोन पुढे धरला. फोनमधली बाई,
बातम्या देतात तशा आवाजात म्हणाली :
सोळा वर्षांची असताना
तुम्हाला काय हवं होतं?

मी म्हटलं, थांब, गॅस बारीक करते.

मग बारीक करूनही हात बटणावरच राहिला.
हे मला लग्नात कुणी विचारलं नाही,
नोकरीच्या मुलाखतीत नाही,
माझ्या आईनंही नाही, तिला तरी कुणी विचारलं असेल?
आमचं गाव तिंगशीच्या पिवळ्या डोंगरात.
पावसाचं पाणी अंगणाखालच्या हौदात साठवायचं,
आणि एकाच तांब्यात तीन तोंडं धुवायची.
मी फोनला म्हटलं, सावकाश,
परक्या माणसाला पत्ता सांगावा तसं :
मला अशा ठिकाणी झोपायचं होतं
जिथे रात्रभर पाण्याचा आवाज येतो.

फोननं जरा वेळ घेतला.
मग त्याच्या भाषेत काहीतरी बोलला,
माझ्या वाक्याच्या तिप्पट.
काय सांगितलं कोण जाणे.
नदी सांगितली, की झोप नाही म्हणून सांगितलं,
की नळ दुरुस्त करायचाय असं?

माटिस उठला. सपाता फटक फटक वाजवत
सिंकपाशी गेला, आणि नळ सोडला.
पूर्ण नाही, करंगळीएवढी धार.
आणि परत येऊन बसला.

माझ्या डोक्यात काटा फिरायला लागला,
अर्धा लिटर, एक, दीड,
वीस वर्षांची सवय, ती कुठे जाते.
बटाटे खाली लागले, त्याचा वास आला.
चार लिटर. साडेचार.
पुढे आकडा चुकला माझा.

गॅलरीची काच सरकली.
बारा दिवसांत पहिल्यांदाच अकराच्या आत.
आई, शुओ म्हणाला, नळ चालू राहिलाय.

माहीत आहे, म्हटलं मी.
बस जरा.